डेपोवरचं हळदीकुंकू

"गिरजाबाई, रविवारी हळदीकुंकवाला यायचं बरं का! गाडी पाठवते मी, चालत नका येऊ."

दारात नगरसेविका वसुधाताई इंगवले उभ्या. मी भांडी घासत बसलेली, हाताला राख. वर त्यांच्याकडं बघितलं, मग शेजारच्या शेवंताच्या दाराकडं बघितलं. म्हणलं, ही बाई घर चुकली.

"ताई, शेवंताला म्हणताय ना?"

"दोघींना. सगळ्या वस्तीला."

"अहो, पण माझं माहिती आहे ना तुम्हाला?" मी राखेचंच बोट कपाळाला लावून दाखवलं.

"गेला तो काळ! विधवा काय नि सवाष्ण काय, बाई ती बाई. हा भेद आपण बायकांनीच केला, आपणच मोडायचा. काय?" त्यांनी माझ्या ओल्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि पुढच्या दाराला गेल्या.

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. सोपान गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. शेवंता माझ्या जिवाची मैत्रीण, पण तिच्या घरीसुद्धा संक्रांतीला बायका जमल्या की मी आपली दार लोटून आत बसायची. तिनं आत बस म्हणलं नव्हतं, आणि ये पण म्हणलं नव्हतं.

सोपान म्हणजे माझा नवरा. आमची सगळी वस्ती भैरोबाच्या माळावरच्या कचरा डेपोवर वेचायची. पन्नी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशव्या, पुठ्ठा, कडक प्लास्टिक, लोखंडाचा तुकडा, जे सापडेल ते पोत्यात भरायचं नि भंगारवाल्याला द्यायचं. एका पावसाळ्यात ढीग घसरला आणि सोपान त्याच्याखाली गेला. नगरपालिकेनं सांगितलं, तो आमचा माणूस नाही, तिथं काय करत होता ते आम्हाला माहिती नाही. त्याचं तेरावं झालं आणि मी त्याच ढिगावर वेचायचा आकडा घेऊन चढले. लोक म्हणायचे, कशी गं जातेस? म्हणायची, पोट पुढं जातं, मी त्याच्या मागनं जाते.

ताई दारात आल्या त्या वर्षी डेपोवर एकच विषय होता. कचरा जाळून वीज करायचा कारखाना होणार. पैसा परदेशातली कुठली तरी बँक देणार. आमची पन्नी, आमचा पुठ्ठा, जे विकून आमची चूल पेटायची, तेच त्या भट्टीला पाहिजे होतं. माळाभोवती भिंत घालणार, गेट बंद करणार, आत फक्त कंपनीची माणसं. म्हणजे आम्ही गेलोच. कंपनीचे निमकर साहेब जीपमधनं यायचे, त्यांना आम्ही घोळक्यानं गाठून विचारलं, "साहेब, आमचं काय?" ते म्हणायचे, "बघू, बघू." असं बघत बघत जमिनीची मोजणी झाली, खांब रोवून झाले.

अशात हे हळदीकुंकू आलं. मी आपली भोळी. ट्रंकेतली जांभळी साडी काढली, तिला ऊन दाखवलं, रविवारी डोक्याला तेल लावून तयार झाले. शेवंता हसली. म्हणाली, "गिरजे, नवरी झालीस की गं!"

"जळतेस व्हय?"

"जळते तर! मला ताईंनी एकदाच ये म्हणलं, तुला दोनदा म्हणल्या."

गाव ओलांडून पार दुसऱ्या टोकाला मंगल कार्यालय. बसनं नेलं आम्हाला. दारात गुलाबपाणी शिंपडलं, खुर्च्यांवर बसवलं, पंखे लावले. आतनं श्रीखंडाचा नि मसालेभाताचा वास. माईकवर एक बाई सारखी सांगत होती की घाई कुणी करायची नाही, आधी उखाणे, मग खेळ, मग जेवण, दिवस मावळताना बस परत सोडणार. शेवंतानं पदर खोचून माईक धरला:

"भैरोबाच्या माळावर डोंगर कचऱ्याचा,
दत्तोबांचं नाव घेते, मान राखते ताईंचा!"

हशा झाला. वसुधाताई हसल्या नाहीत. "कचऱ्याचं आज नको गं," एवढंच म्हणल्या.

मग वाण लुटायला सुरुवात झाली. वाण म्हणजे साडी, पिशवीतली, कोरी. ताई स्वतः तबक घेऊन रांगेनं येत होत्या. हळद, कुंकू, हातात साडी, वाकून नमस्कार. शेवंताला लावलं. मग माझ्यापुढं आल्या. मी डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं.

बोट आलंच नाही.

डोळे उघडले तर ताईंचं कुंकवाचं बोट हवेत थांबलेलं. लावायचं त्यांच्या मनात असेल, मी नाही म्हणत नाही. पण हात पुढं येईना. त्यांनी तो मागं घेतला, साडी माझ्या मांडीवर ठेवली आणि पुढच्या बाईकडं वळल्या.

"ताई, कुंकू राहिलं."

"असू दे हो, गिरजाबाई. तुमच्या घरच्यांना आवडेल, न आवडेल."

"घरी कोण आहे मला?"

"चार लोक बघतात," त्या हळू आवाजात म्हणल्या. "समजून घ्या ना. साडी मिळाली ना तुम्हाला?"

अंगाची लाही लाही झाली माझ्या. नसतं बोलावलं तर काही वाटलं नसतं, इतकी वर्षं कुठं वाटलं? पण दारात येऊन वडी हातावर ठेवायची, आणि चारचौघींत कपाळ कोरं ठेवायचं? मी उठून बाहेर नळावर गेले. तोंडावर पाणी मारता मारता डोक्यात एकच घुमत होतं. कुंकू लावायचं नव्हतं, तर मग हिला मी कशाला पाहिजे होते?

दारातनं परत आत बघितलं आणि मग दिसलं. ताईंच्या कॉलनीतली एक बाई नाही. मैत्रीण नाही, जाऊ नाही, नणंद नाही. हळदीकुंकू ताईंचं आणि बायका सगळ्या डेपोच्या. पुरुषांना तर सकाळीच कंपनीनं रोजावर लांब नेलेलं. लंगडी कोंडाबाईसुद्धा उचलून आणलेली, जिला डॉक्टरकडं न्यायला कधी गाडी मिळाली नव्हती. तेही संक्रांतीनंतरच्या रविवारी, जेव्हा डेपोवर माल नुसता सांडत असतो.

मागच्या अंगाला घंटागाडी लागलेली. डेपोवर रोज गाडी आणणारा इस्माईल सकाळच्या साखरपुड्याच्या पत्रावळ्या भरत होता. मला बघून त्याचा हातच थांबला.

"मावशी? तुम्ही इथं? आणि डेपोवर कोण आहे मग?"

"का रे? काय आहे डेपोवर?"

"बँकेच्या मॅडम आल्यात, परदेशातनं. मांडव घातलाय, रस्ता धुतलाय. आम्हाला सांगितलंय, संध्याकाळपर्यंत गाड्या आत आणायच्या नाहीत." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "सुपरवायझर बोलत होता, डेपोवर पोटासाठी वेचणारं कुणी माणूस दिसलं तर बँक म्हणते आधी त्यांची सोय लावा, मग पैसे. आणि निमकरांनी लेखी दिलंय म्हणे, इथं कुणीच नाही."

पाणी चेहऱ्यावरनं गळत होतं, तशीच मी आत गेले आणि ताईंच्या हातातलं तबक धरलं.

"ताई, डेपोवर कोण आलंय?"

त्या पांढऱ्या पडल्या. पण बाई खमकी. मला कोपऱ्यात ओढून म्हणल्या, "हे बघा, ओरडू नका. माझ्या वॉर्डातली पोरं त्या धुरानं रात्रभर खोकतात. डेपो पेटला की दारं-खिडक्या लावून बसतो आम्ही. हा कारखाना झाला तर तो धूर तरी थांबेल. तुम्हाला तरी ती घाण कशाला हवी, गिरजाबाई? नवरा गेला त्यात तुमचा!"

"घाण नको, ताई. खरंय. पण मग मी खाऊ काय ते सांगा."

"काहीतरी करू आपण तुमचं."

"कधी?"

त्या तबकातलं कुंकू सारखं करायला लागल्या. पोरांचा खोकला खरा होता, ते मला कळत होतं. आमची पोरं तर त्या धुरातच वाढली. पण आमच्या पोटावरनं रस्ता काढायचा, आणि तो काढताना आम्हाला श्रीखंड खायला बसवायचं, हे मला गिळेना. मी तबक हिसकून घेतलं आणि माईकसुद्धा.

"उठा गं सगळ्या! ही ओवाळणी नाही, ही आपली पाठवणी आहे. बँकवाले तिकडं डेपोवर आलेत. आपण तिथं नाही म्हणून दाखवायला आपल्याला इथं आणलंय!"

गलका झाला. कुणाला कळलं, कुणाला कळलं नाही. शेवंता मात्र हलेना.

"आगं पण जेवण? श्रीखंड आहे, गिरजे! खाऊन जाऊ की."

"खा. आणि उद्यापासनं काय चाटशील?"

शेवंतानं आतल्या दाराकडं एकदा बघितलं, मोठा उसासा टाकला आणि उठली. ती उठली म्हणल्यावर सगळ्या उठल्या. जाता जाता तिनं वाणाची साडी पिशवीतनं काढून कमरेला गुंडाळली. मी म्हणलं, "हे काय?" म्हणाली, "साडी कशाला सोडू? तिनं काय केलंय?"

बसवाला बस काढेना. मी इस्माईलच्या गाडीच्या मागच्या फळीवर पाय दिला.

"मावशी, माझी नोकरी जाईल!"

"सांग त्यांना, बायकांनी गाडी पळवली."

"मी चालवत असताना?"

"मग सांग, बायका तोंडाच्या फार वाईट होत्या."

तो हसला, आणि बसला गाडीत. जेवढ्या मावल्या तेवढ्या पत्रावळ्यांवर उभ्या राहिल्या, कोंडाबाईला त्याच्या शेजारी पुढं बसवलं, बाकीच्या पायी निघाल्या. आख्ख्या गावानं बघितलं. गजरे माळलेल्या, काठाच्या साड्या नेसलेल्या बायका घंटागाडीत उभ्या, आणि गाडीवर गाणं चालू, ओला कचरा सुका कचरा वेगळा करा म्हणून. आम्ही हसत होतो. मला भीती पण वाटत होती, खरं सांगते. हात तबकावर घट्ट होते.

गेटवरचा वॉचमन आम्हाला रोज बघायचा, तरी ओळखेना. दागिने घातलेल्या बायका बघून त्याला वाटलं कार्यक्रमाच्याच. त्यानं गेट सताड उघडलं.

आत मांडव, खुर्च्या, फुलदाण्या. ढीग तेवढा लपवता आला नव्हता. निमकर साहेब हात लांब करून माळ दाखवत होते. शेजारी उंच, पिकल्या केसांची बाई, पायात रबरी बूट. तिच्याजवळ पुण्याकडची एक मुलगी, जी दोन्हीकडचं बोलणं सांगायची. बँकेनंच तिला आणलेलं.

निमकरांनी आम्हाला बघितलं. माझ्या हातातलं तबक बघितलं. क्षणभर त्यांची तंतरली, पण माणूस हुशार. हसून इंग्रजीत काहीतरी म्हणले. मला त्यातलं "वेलकम" तेवढं कळलं.

मी त्या मुलीला विचारलं, "काय म्हणले गं?"

"साहेब म्हणतायत, गावातल्या भगिनी पारंपरिक स्वागताला आल्यात."

घ्या! इतक्या खटाटोपानं आलो, आणि आमच्याच नटण्यानं आम्हाला गिळलं. मी म्हणलं, "त्यांना सांग, आम्ही इथं वेचतो. रोज. आज आम्हाला मुद्दाम लांब नेऊन ठेवलं होतं."

मुलीनं सांगितलं. मॅडमनं माझ्या जांभळ्या साडीकडं बघितलं, शेवंताच्या गजऱ्याकडं बघितलं. निमकर लगेच मध्ये पडले. हातवारे करून म्हणत होते, मुलीनंच सांगितलं मला, राजकारण आहे, विरोधी पक्षाच्या बायका आहेत, पढवून आणलंय. मॅडमनं मान हलवली. तिला काय, कुणाचं खरं मानायचं? कचरा वेचणारी बाई अशी असते का? मला माझ्या साडीचा राग आला.

मग ती बाई तबकात वाकून बघत काहीतरी म्हणली. मुलगी म्हणाली, "मॅडम विचारतायत, हे काय आहे?"

"हळदीकुंकू. बायकांनी बायकांना लावायचं."

मॅडम हसली आणि कपाळ माझ्यापुढं केलं. आता आलेल्याला नाही कसं म्हणायचं? मी लावलं. इतक्या वर्षांत मी कुणालाच लावलं नव्हतं. मग तिनं आपलं बोट कुंकवात बुडवलं.

"मॅडम विचारतायत, आता त्यांनी तुम्हाला लावायचं ना?"

मी काही बोलायच्या आत मागनं मोटारीचं दार आपटलं. वसुधाताई धावत येत होत्या, एका हातात चपला. मॅडमचं बोट माझ्या कपाळाशी आलेलं बघून त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या.

"नको, नको, मॅडम! तिला नाही लावायचं! विधवा आहे ती! तिचा नवरा इथंच मेला, या ढिगाखाली, कचरा वेचताना! गिरजा आहे ती, डेपोवरची!"

बोलल्या आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

त्या मुलीचं काम सांगायचं. तिनं सांगितलं. सगळं सांगितलं असणार, कारण मॅडमचा चेहरा उतरत गेला. निमकर म्हणले, "प्लीज, प्लीज," पण मॅडम त्यांच्याकडं बघेना. ती आधी त्या ढिगाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. बोट तसंच वर. हळू आवाजात तिनं काहीतरी विचारलं.

"मॅडम म्हणतायत, सॉरी. त्यांना रीत माहिती नव्हती. त्यांनी हात मागं घ्यावा का?"

"नाही," मी म्हणलं. "लाव म्हणावं."

तिनं लावलं. वाकडं लागलं, नाकावर सांडलं. मी पुसलं नाही.

मग ती खुर्ची ओढून बसली आणि वही उघडून मला विचारू लागली, कधीपासून, कुठनं कुठनं, घरी कोण. मी बोलत होते तेवढ्यात मागं घर्रर्र आवाज झाला. इस्माईलनं गाडी उलटी घेतली होती. गेट उघडं मिळालंय तर मोकळी करून टाकू, असं त्यानं ठरवलं असणार. पत्रावळ्या, बाटल्या, ग्लास, सगळं धडधडत खाली आलं.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण गाडी खाली झाली आणि आमच्यातली बाई नुसती उभी राहिली, हे व्हायचंच नाही. दुसरीनं आधी हात घातला तर माल गेला. शेवंतानं वाणाची साडी कोंडाबाईच्या मांडीवर फेकली, काष्टा मारला नि चढली. तिच्या मागनं सगळ्या. काठाच्या साड्या, गजरे, बांगड्या, आणि हात पत्रावळ्यांत. दोघींचं तर एका बाटलीवरनं भांडणसुद्धा लागलं.

मॅडमनं वही मिटली. विचारण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.

"खाली उतरा! ए, खाली उतरा सगळ्या!" निमकर ओरडत होते.

एकजणसुद्धा उतरली नाही.

बँकेचा पैसा त्या वर्षी आला नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. पुढं आला तेव्हा गेटजवळ आमची शेड आधी झाली, भट्टी मागनं. कचरा आधी आमच्या हाताखालनं जातो, उरलेला पुढं. धूर कमी झाला का म्हणाल, तर झाला, पण अजून येतो. वसुधाताई पुढची निवडणूक जिंकल्या. वाटेत भेटल्या की मान खाली घालून जातात, आणि मला त्यांचा आता पूर्वीसारखा राग येत नाही.

पण ते सगळं नंतरचं. मी अजून सांगते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. पोती घेऊन आम्ही डेपोवर गेलो तर निमकर साहेब स्वतः गेटात उभे. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"गिरजाबाई, शहराचं केवढं नुकसान केलंत, कळतंय का? आजपासून तुम्हाला इथं बंदी. तुम्हाला आणि तुमच्या या सगळ्या बायकांना."

शेवंता मागनं मला ढोसत होती, बोल, बोल म्हणून. मी पोतं खांद्यावर घेतलं.

"साहेब, कालपर्यंत तुम्ही बँकेला सांगत होता, इथं कुणीच नाही. मग आज बंदी कुणाला घालताय?"

वॉचमननं साहेबांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि गेट ढकललं. आम्ही आत गेलो.